मार्टात देतात तसं बिल आम्हालाही द्या, भावाचं मग बोलू



गेले आठ दिवस सगळ्या ग्रुपांवर एकच फोटो फिरतोय. डावीकडं मार्केटातली कांद्याची पट्टी, उजवीकडं कुठल्याशा सुपरमार्केटातली कांद्यावरची पाटी. पट्टीवर किलोला अकरा रुपये, पाटीवर अडतीस. खाली लाल अक्षरात लिहिलंय, "शेतकऱ्याची उघड लूट, मॉलवर बहिष्कार टाका." पाठवणारे निम्मे तरी रविवारी तालुक्याच्या मार्टात ट्रॉली ढकलताना दिसतात. त्यात पाप काही नाही. तेल, साखर, साबण, पोरांची बिस्किटं कुठून तरी आणावीच लागतात आणि तिथं दोन रुपये कमी पडतात म्हणून माणूस तिथं जातो.

पण या फोटोशी माझं भांडण आहे. त्यातला राग खरा आहे, पण दार चुकलंय. अकरा आणि अडतीसच्या मधले सत्तावीस रुपये कोणी खाल्ले हे त्या फोटोत कुठंच दिसत नाही. दिसतात फक्त दोन टोकं. आणि मधलं काही दिसत नाही म्हणूनच आपण गेली पन्नास वर्षं नुसते ओरडतोय.

माझं म्हणणं एवढंच आहे: मार्टवाला गिऱ्हाइकाला जेवढं लिहून देतो, तेवढं आपला माल घेणाऱ्यानं आपल्याला लिहून द्यावं. भावाचं भांडण त्याच्यावर उभं राहील. त्याच्याशिवाय ते भांडण हवेत आहे.

आधी ते सत्तावीस रुपये

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ साली टोमॅटो, कांदा, बटाटा यांच्यावर एक निबंध काढला. गिऱ्हाइकानं दिलेल्या रुपयातले शेतकऱ्याच्या हातात किती येतात याचा हिशोब त्यात आहे. कांद्याला साधारण ३६ पैसे, टोमॅटोला ३३, बटाट्याला ३७. हाच हिशोब त्यांनी डाळींचाही मांडलाय. तिथं हरभऱ्याला ७५ पैशांच्या आसपास, मुगाला ७०, तुरीला ६५.

आता जरा विचार करा. मार्ट तेच, ट्रॉली तीच, बिल करणारी पोरगी तीच. मग एकाच छपराखाली तुरीत ६५ आणि कांद्यात ३६ कसे? मार्टवाला डाळीच्या फळीपाशी धर्मराज होतो आणि कांद्याच्या टोपलीपाशी दरोडेखोर होतो, असं तर नसणार. डाळ वर्षभर पोत्यात गप बसते. कांदा वाळतो, नासतो, त्याला मोड येतात. एप्रिलात चाळीत भरलेला कांदा दिवाळीला काढताना किती किलो बाहेर निघतो हे कांदा पिकवणाऱ्याला मी सांगायची गरज नाही. पुढं गोणी, हमाली, गाडी, व्यापाऱ्याची घट, मार्टातल्या टोपलीच्या तळाला राहिलेला कचरा, हे सगळं त्या सत्तावीस रुपयांत बसलंय. त्यात कोणाचा वाजवी खर्च किती आणि कोणाची हातचलाखी किती, हे मात्र कागदाशिवाय कळायचं नाही.

आणि भाव पाडायला दरवेळी मार्टच लागतं असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण शुल्क राहिलं. ते १ एप्रिल २०२५ ला पूर्ण गेलं. या वीस महिन्यांत ज्यांचे कांदे मातीमोल गेले त्यांना मार्टवर बहिष्कार टाकून काय मिळालं असतं?

मार्टची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. त्याची लबाडी पुढं सांगतोच. पण मार्टाकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे, ती आधी बघा.

पाकीट उलटं करून वाचा

मार्टात गेलात की तूरडाळीचं एक किलोचं पाकीट हातात घ्या आणि उलटं करा. पॅक करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, निव्वळ वजन, सगळ्या करांसहित एमआरपी, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, तक्रारीचा फोन नंबर, एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना. आता तर एका ग्रॅमला किंवा किलोला काय भाव पडतो तेही छापावं लागतं, म्हणजे लहान-मोठ्या पाकिटांची तुलना करता यावी.

मग काउंटरचं बिल बघा. वस्तूचं नाव, वजन, दर, सूट किती, जीएसटी किती. पाकीटबंद डाळीवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर लागला, तोसुद्धा वेगळा दाखवतात. बिल कुठल्या काउंटरला झालं, किती वाजून किती मिनिटांनी झालं, तेही असतं. सुटी वांगी घेतली तर काट्याचा आकडा आपल्या डोळ्यांसमोर पडतो आणि चिकटपट्टीवर वजन छापून येतं. वीस रुपयांच्या वांग्यांसाठी एवढा कागद.

हे मार्टवाल्याच्या मनाचा मोठेपणा म्हणून होत नाही. २००९ चा वैधमापन कायदा आहे, २०११ चे पाकीटबंद वस्तूंचे नियम आहेत, ग्राहक संरक्षण कायदा आहे. शहरातल्या गिऱ्हाइकांनी, ग्राहक पंचायतींनी वर्षानुवर्षं भांडून हे मिळवलंय. पूर्वी वाण्याकडं सुटी डाळ कागदाच्या पुडीत यायची, तेव्हा खडे किती आणि डाळ किती हे घरी सुपात कळायचं.

आता मार्टची लबाडी. तेलाची पिशवी घ्या. एक लिटर सोयाबीन तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. त्याच फळीवर तेवढीच दिसणारी, चार रुपये स्वस्त असलेली पिशवी उचला आणि बारीक अक्षर वाचा. वजन ८५० ग्रॅम निघालं तर ती पिशवी स्वस्त की महाग याचा हिशोब तुम्हीच करा. डोळ्यांसमोरच्या फळीवर महाग माल, स्वस्त माल खाली, वाकून शोधायचा. एकावर एक फुकट म्हणत नको असलेली बरणी गळ्यात मारायची. हे सगळं चालतं.

पण एक फरक लक्षात घ्या. मार्टवाल्याला लबाडी करायची तरी लिहून करावी लागते. लिहिलेली लबाडी चष्मा लावला की सापडते. न लिहिलेली जन्मभर सापडत नाही.

आता आपल्याला मिळणारे कागद काढू.

पहिला कागद: कांद्याची पट्टी

आपल्या जिल्ह्यात नेप्ती असो, घोडेगाव असो, राहुरी, वांबोरी असो, कांदा गोण्यांत जातो. लासलगावकडं मोकळा ट्रॅक्टर उभा राहतो, इकडं घरीच निवड करून एक नंबर, दोन नंबर, गोल्टी, जोड असं वेगळं भरून न्यावं लागतं. म्हणजे प्रतवारीची मजुरी आपली, बारदाना आपला, गाडीभाडं आपलं. तिथं गोणी फोडतात, चार कांदे हातात खेळवतात आणि बोली सुरू होते.

आता प्रश्न असा की एक नंबर म्हणजे काय? किती मिलिमीटर? रंग कोणता? पत्ती किती? याचं उत्तर कुठल्याच पट्टीवर नसतं. ते व्यापाऱ्याच्या डोळ्यात असतं. सोमवारी एक नंबर असलेला कांदा आवक वाढली की गुरुवारी दोन नंबर होतो. कांदा तोच, चाळ तीच.

पट्टीवर काय असतं? गोण्या, वजन, दर, हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं. जुलै २०१६ पासून फळं-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदारानं द्यायची, असा नियम झाला. ते चांगलं झालं. पण काय नसतं तेही बघा. कुठल्या काट्यावर वजन झालं ते नाही. त्या काट्यावर वैधमापनचा शिक्का कधीचा ते नाही. प्रत का उतरवली ते नाही. गोणीमागं बारदान्याचं वजन किती धरलं ते नाही. ५२ किलो ६०० ग्रॅम भरलं तर वरचे ६०० ग्रॅम कुठं गेले तेही नाही.

वरचे ग्रॅम म्हणजे चिल्लर वाटते ना? मग हिशोब करा. शंभर गोण्यांवर गोणीमागं सरासरी अर्धा किलो सुटला तरी ५० किलो झाले. म्हणजे एक आख्खी गोणी, निवडलेली, भरलेली, शिवलेली, भाडं भरून नेलेली, फुकट गेली. सगळीकडं असंच चालतं असं मी म्हणत नाही. चोख काटा ठेवणारे आडतदार मला माहीत आहेत. पण चोख कोण आणि सैल कोण हे पट्टीवरून ओळखता येत नाही, हीच तर अडचण आहे. यात चोख माणसाचंही नुकसान आहे.

२०२३ च्या फेब्रुवारीतली सोलापूरच्या बाजारातली गोष्ट आठवा. ५१२ किलो कांदा, भाव किलोला एक रुपया, सगळी कपात जाऊन शेतकऱ्याच्या नावावर राहिले २ रुपये ४९ पैसे आणि हातात पडला दोन रुपयांचा चेक. देशभर बोंब झाली, मोठमोठ्या वर्तमानपत्रांत फोटो आला. का आला? तेवढंच नुकसान तर त्या महिन्यात कितीतरी जणांचं झालं होतं. पण याच्याकडं कागद होता. ५१२ रुपयांच्या मालातून ५०९ रुपये ५१ पैसे कशाकशात गेले, ते ओळीनं लिहिलेलं होतं. कागद बोलला म्हणून देशानं ऐकलं.

म्हणून सांगतो, पट्टी आणि अडतीस रुपयांची पाटी शेजारी लावायच्या ऐवजी पट्टी आणि मार्टचं बिल शेजारी लावा. दोन्हीवरचे भाव अंगठ्यानं झाका आणि बाकीच्या ओळी मोजा. वीस रुपयांच्या वांग्यांच्या कागदावर जास्त माहिती आहे की पन्नास हजारांच्या कांद्याच्या?

दुसरा कागद: सोयाबीनची हवा

सोयाबीन न्या. यंत्रात मूठभर दाणे टाकतात आणि सांगतात, "हवा चौदा आली." तोंडी. त्यावर कडता. परत माती, काडी, डागी यांची वेगळी कपात.

सरकारी खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात ओरड झाल्यावर ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. म्हणजे ओलावा ही मोजायची गोष्ट आहे, अंदाजाची नाही. मग मोजूया. १०० किलो सोयाबीनमध्ये १४ टक्के ओलावा असेल तर कोरडा माल ८६ किलो. तोच माल १२ टक्क्यांवर आणला तर वजन भरतं ९७ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दोन टक्के जास्त हवेची न्याय्य कपात क्विंटलला सव्वादोन किलो. त्याच्यापुढं जे काही कापलं ते हवेचं नाही, त्याला दुसरं नाव आहे.

२०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. त्यासाठी मोर्चे निघाले, निघायलाच हवेत. पण ज्या पोरानं मोर्च्यात घोषणा दिल्या त्यानं यंत्राच्या आकड्याचा फोटो कधी काढला का? कृषी सहाय्यक साहेबांनाही विचारतो, पेरणीच्या वेळी बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक घेता ते चांगलंच आहे. काढणीच्या वेळी हा सव्वादोन किलोचा हिशोब पारावर बसून एकदा समजावून सांगायला काय हरकत आहे?

तिसरा कागद: दुधाची पावती

आपला जिल्हा दुधाचा. संगमनेर, राहाता, राहुरी, अकोले, कुठंही जा, पहाटे पाचला मोटरसायकलींना किटल्या लटकलेल्या दिसणार. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. पॉइंट खाली आला की पैसे कापतात. ३.४ आली तरी आपल्याला टोचतं.

मार्टच्या फ्रिजमधली टोन्ड दुधाची पिशवी घ्या आणि वाचा. ३.० फॅट, ८.५ एसएनएफ. त्यात बेकायदा काही नाही, टोन्ड दुधाचं प्रमाणच तसं आहे. वरची साय पलीकडच्या फळीवर तूप-लोणी होऊन बसलेली असते, तिचे पैसे वेगळे. मुद्दा असा की पिशवीवर ते छापलेलं आहे. घेणाऱ्याला माहीत आहे आपण काय घेतोय. आपल्या किटलीचा आकडा मात्र कितीतरी ठिकाणी आतल्या बाजूला तोंड केलेल्या पडद्यावर पडतो. शंका आली, परत तपासा म्हणलं की मागची रांग ओरडते आणि केंद्रवाला म्हणतो, "विश्वास नसेल तर दुसरीकडं घाला."

काट्याचंही तसंच. भाजीच्या काट्यावर पाच-पाच ग्रॅम दिसतात. दुधाचा काटा १०० ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवत असेल आणि वरचे ग्रॅम खालीच तोडले जात असतील, तर एका वेळेला सरासरी ५० ग्रॅम जातात. सकाळ-संध्याकाळ मिळून १००. वर्षाला साडेछत्तीस किलो. तीस रुपयांनी धरा, हजाराच्या वर गेले. एका घराचे. गावात दोनशे दूधवाले असतील तर गुणाकार तुम्ही करा.

आणि भाव वाढवून काय होतं तेही दुधानंच शिकवलंय. २०२४ च्या जुलैत सरकारनं लिटरला पाच रुपये अनुदान धरलं, संघांनी ३० द्यायचे, मिळून ३५. ऑक्टोबरपासून अनुदान सात झालं आणि संघांनी द्यायचा दर झाला २८. मिळून? ३५. सरकारची तिजोरी दोन रुपयांनी हलकी झाली, शेतकऱ्याच्या वाटीत थेंब वाढला नाही. हे सगळं जाहीर, कागदावर होतं, म्हणून आपण आज हे बोलू तरी शकतो.

१ जून २०१७ ला आपल्याच पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला.  कर्जमाफी, हमीभाव, दुधाला दर, मागण्या रास्त होत्या. पण आपल्या मागण्यांच्या यादीत "काटा आमच्याकडं तोंड करून ठेवा" ही मागणी का नसते? हातात येणारे पैसे म्हणजे भाव गुणिले वजन, त्यातून कपात वजा. आपण पन्नास वर्षं पहिल्या आकड्यावर भांडतोय आणि बाकीचे दोन आकडे समोरच्याच्या हातात देऊन बसलोय.

उसाचं थोडक्यात

ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. मार्टात पैसे दिल्याशिवाय साखरेचं पाकीट दाराबाहेर जात नाही. आपला ऊस मात्र आधी जातो, पैसे मागून येतात. उशीर झाला तर व्याजाची ओळ बिलात आलीच पाहिजे. ज्यांना असं व्याज न मागता मिळालं असेल त्यांनी खाली लिहा, मी त्यांचा सत्कार करतो.

आता तुमच्या हरकती

पहिली हरकत: "अहो, शेतमाल साच्यातून निघत नाही. पाकीट आणि कांदा सारखं कसं करता?" कबूल, निघत नाही. पण मापता येतो. नाफेडची कांदा खरेदी ४५ मिलिमीटरच्या वरच्या कांद्याची असते. म्हणजे सरकारला खरेदी करताना मिलिमीटर कळतात, तर बाजार समितीच्या आवारात का कळू नयेत? एक लोखंडी कडी लागते, बाकी काही नाही. राहुरी विद्यापीठातल्या साहेबांना विनंती आहे. एन-२-४-१ सारखं वाण तुम्ही आम्हाला दिलं, कांद्याचं शास्त्र दिलं. आता त्याच्या प्रतवारीचा तक्ता साध्या मराठीत करून प्रत्येक बाजार समितीच्या भिंतीवर लावायला लावा. एकरी उतारा वाढवण्याइतकंच हे काम मोठं आहे.

दुसरी हरकत: "व्यापाऱ्यालाही घट येते, तो काय धर्मादाय चालवतो?" नाही चालवत, चालवूही नये. घट असेल तर घट म्हणून वेगळी ओळ लिहा. दोन टक्के लिहा, तीन लिहा. लिहिलं की त्याच्यावर बोलता येतं. वजनातच मुरवली की बोलता येत नाही.

तिसरी: "दलाल काढा, थेट मार्टला विका." हे भाषणात छान वाटतं. मार्टच्या संकलन केंद्राला लागतो ठरावीक आकाराचा, चकचकीत कांदा. उरलेला परत घरी. मार्ट वावर घेत नाही, वावरातला निवडक माल घेतं. गोल्टीला, जोड कांद्याला, पावसात भिजलेल्या मालाला शेवटी बाजार समितीच लागते. तरी त्यांची एक पद्धत मला आवडते. आकार किती, रंग कसा, हे आधी सांगतात. नापास झालो तर कशात झालो ते कळतं.

चौथी: "मग आपलंच मार्ट काढू." काढा की. मुंबईत १९४८ साली नायगावच्या गिरणी कामगारांनी आपलं ग्राहक भांडार काढलं, तेच पुढं अपना बाजार झालं. कोल्हापूरकडं वारणा बझार सहकारातूनच उभा राहिला. आपल्या जिल्ह्यात तर १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा लोक हसले होते. म्हणजे अशक्य काही नाही. पण दुकान चालवणं ही वेगळी विद्या आहे. फळीवरचा माल, उधारी, उंदीर, मुदत संपलेली पाकिटं, सगळं सांभाळावं लागतं. शेतकरी कंपन्या काढणाऱ्या पोरांना माझं सांगणं, आधी काटा, मग मार्ट. गावात एक शिक्क्याचा वजनकाटा, एक ओलावा मोजायचं यंत्र, एक कांद्याची कडी ठेवा. माल बाजारात जायच्या आधी घरचा आकडा हातात पाहिजे. घरचा आकडा असला की समोरचा आकडा आपोआप सरळ होतो.

घेताना सुद्धा

एक गोष्ट मात्र आपल्याच हातात आहे. बियाणं, खत, औषध घेताना आपण गिऱ्हाईक असतो. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच, तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय. पण ग्राहक न्यायालय पहिला प्रश्न विचारतं, बिल कुठंय? मार्टात पंचवीस रुपयांच्या बिस्किटाचं बिल खिशात जपून ठेवणारे आपल्यातले बरेच जण हजारोंचं बियाणं चिठ्ठीवर आणतात. उधारी असते म्हणून तोंड उघडत नाही. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे अशी छापलेली असते, तरी सोबत नको असलेली बाटली घ्यावी लागते आणि बिलात सगळं एकत्र येतं. उधारी असली तरी बिल मागायचा हक्क जात नाही. लॉट नंबरसकट बिल घ्या आणि पिशवीचा टॅग पीक निघेपर्यंत फेकू नका.

मागणी काय?

आमदार-खासदारांच्या दारात घेऊन जायची तर ही यादी घेऊन जा. यातल्या एकाही गोष्टीला सरकारी तिजोरीतून हजारो कोटी लागत नाहीत.

१. प्रत्येक पट्टीवर खरेदीदाराचं पूर्ण नाव, काट्याचा नंबर आणि त्याच्या तपासणीची तारीख. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यायचा नियम आहेच, तो पट्टीवर दिसू द्या.

२. वजन ग्रॅमसकट. बारदाना, घट, ओलावा, काडीकचरा, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि मोजलेला आकडा.

३. कांद्याची प्रत मिलिमीटरमध्ये, तक्ता लिलावाच्या ओट्यावर लावलेला.

४. दुधाच्या केंद्रावर काट्याचं आणि फॅट मशीनचं तोंड शेतकऱ्याकडं. बारीक टप्प्याचा काटा. शंका आली तर दुसऱ्यांदा तपासणी, कुरकुर न करता.

५. पैसे उशिरा दिले तर व्याजाची ओळ, न मागता.

यात भाव वाढवा असं कुठंच म्हटलेलं नाही, म्हणून काही जण मला मवाळ म्हणतील. खुशाल म्हणा. भाव वाढलाच पाहिजे. पण सैल काट्यावर वाढलेला भाव म्हणजे भोक पडलेल्या पोहऱ्यानं विहिरीचं पाणी शेंदणं. कितीही खोल सोडा, वर येईपर्यंत अर्धा.

तेव्हा पुढच्या बाजाराला पट्टी हातात पडली की घडी घालून खिशात टाकू नका. तिथंच उभ्या उभ्या वाचा. जे लिहिलंय ते तपासा आणि जे लिहिलेलं नाही ते मोठ्यानं विचारा. एकटा विचारेल त्याला हाकलतील. ओट्यावरच्या वीस जणांनी एका सुरात विचारलं तर कोणाकोणाला हाकलतील?